अपत्य कोणाचे?

अपत्य कोणाचे, जन्म देणाऱ्याचे की वाढविणाऱ्याचे, हा प्रश्न महाभारतात कर्णाच्या रूपाने उभा आहे. जन्माचे रहस्य श्रीकृष्णाने सांगितल्यावरही कर्ण राधा व अधिरथ यांनाच माता-पिता मानतो. त्यांच्या वात्सल्याचे ऋण राज्यलोभाने विसरणे त्याला शक्य होत नाही. त्याची ही निष्ठा थोर खरी. परंतु कुंतीचे काय? लोकापवादाच्या भयाने तिने अर्भक नदीत सोडले, तेव्हा एका दाईवाचून तिला कोणाचाही आधार नव्हता. पुढे युद्ध संपून मृतांना जलांजली देण्याची वेळ आली, तेव्हा तिने ते रहस्य पुत्रांपुढे उघड केले. तोवर भावाच्या हातून भाऊ मारला गेला होता.

या मातेच्या ठायी दुष्टपणा नव्हता. तिला धीर देणारे आणि विचारास अवधी देणारे कोणी नव्हते. आणि सत्य योग्य वेळी सांगितले गेले नाही. दत्तक-संस्थेचे कर्तव्य कोणते, हे या उणिवांवरूनच ठरविता येते.

जुन्या दत्तकविधानाची दृष्टी मुख्यत्वे वंश, पिंडदान आणि वारसा यांकडे असे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने कन्याही दत्तक घेता येऊ लागली. १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि मुलाचे हित हीच मुख्य कसोटी ठरली. २०१५ चा बाल न्याय अधिनियम त्याच मार्गाने जातो. मूल सोपवू पाहणाऱ्या मातेला आधी समुपदेशन मिळावे, मूल स्वतःजवळ ठेवणे शक्य आहे काय हे तिच्याशी बोलून पाहावे, असा त्याचा दंडक आहे. बाल कल्याण समितीसमोर लेखावर सही झाल्यानंतरही फेरविचारासाठी तिला दोन महिने मिळतात.

संस्थेची खरी परीक्षा याच दोन महिन्यांत होते. एकीकडे मुलासाठी वर्षानुवर्षे वाट पाहणारी सुस्थित दांपत्ये असतात, दुसरीकडे एक निराधार माता असते. मूल चांगल्या घरी जाईल, या सद्हेतूनेही तिच्यावर दडपण येऊ शकते. परंतु ज्याला नकार देण्याची मोकळीक नाही, त्याच्या त्यागास त्याग म्हणता येत नाही. ते हिरावून घेणेच होय. म्हणून मातेने मूल परत नेले, तरी संस्थेने आपले कार्य फसले असे मानू नये. तिला निर्भयपणे निर्णय घेता आला, एवढ्यानेच ते कार्य सिद्धीस गेले. फलाची आसक्ती सोडून कर्म करणे म्हणजे काय, याचे याहून रोकडे उदाहरण सापडणे कठीण.

दत्तक घेणाऱ्यांविषयीही संस्थेचे कर्तव्य तितकेच गंभीर आहे. समाजकार्यकर्ता त्यांच्या घरी जाऊन चौकशी करतो, आणि मूल घरी आल्यावर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी त्याची विचारपूस होते. पुष्कळांना हा अविश्वास वाटतो. सख्ख्या आईबापांची अशी परीक्षा कोण घेतो, असा त्यांचा सवाल असतो. तो सवाल अगदीच निराधार नाही. परंतु बोलता न येणाऱ्या बालकाच्या वतीने कोणीतरी प्रश्न विचारलाच पाहिजे. शिवाय प्रारंभीच्या अवघड दिवसांत पालकांनाही सल्ला देणारे माणूस हवेच असते.

सर्वांत अवघड गोष्ट सत्याची. दत्तकाची हकीकत मुलाला लहानपणीच, प्रेमाने व घरच्यांच्याच तोंडून कळावी, असा सल्ला जाणती संस्था देते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर दत्तक व्यक्तीला आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. मात्र जन्मदात्रीने गुप्तता मागितली असेल, तर तिच्या संमतीवाचून तिचा ठावठिकाणा सांगितला जात नाही. एकाचा जिज्ञासेचा हक्क आणि दुसरीचा शांततेचा हक्क यांत संस्थेला पक्षपात करता येत नाही. दोघांचाही विश्वास तिला सांभाळावा लागतो.

असे पाहता, अपत्य कोणाचे हा प्रश्नच बदलावा लागतो. अपत्य ही कोणाची मालमत्ता नव्हे, तो न्यास आहे. जन्मदात्री, पालक आणि संस्था या तिघांनीही ‘मूल माझे’ हा आग्रह सोडून ‘मुलाप्रती माझे काय कर्तव्य आहे’ असे विचारावयाचे असते. मुलाचे हित या विचारण्यावरच अवलंबून आहे.