वाईट मोटार कोणती ?

मनुष्य आपल्या दुःखांविषयीं चारचौघांत सहसा बोलत नाहीं. परंतु आपल्या जुन्या, नादुरुस्त मोटारीविषयीं बोलावयास त्याला कोणत्याहि बैठकींत संकोच वाटत नाहीं. विषय निघण्याचाच अवकाश, कीं एक गृहस्थ सांगूं लागतात, त्यांची गाडी पावसाचे चार थेंब पडतांच बंद पडे. दुसरे म्हणतात, त्यांची गाडी उतारावर उभी केल्याशिवाय सकाळीं चालू होत नसे. तिसऱ्यांच्या गाडीचा दरवाजा आंतून दोरीनें बांधून ठेवावा लागे. ऐकणाऱ्याच्या लक्षांत एक गोष्ट आल्यावांचून राहत नाहीं. या कथनांत तक्रार थोडी व कौतुक फार असतें. ज्या यंत्रानें आपल्याला भर उन्हांत रस्त्याच्या कडेला उभें केलें, त्याचें स्मरण लोक इतक्या मायेनें कां करतात, आणि ज्या उत्तम गाडीनें दहा वर्षें मुकाट्यानें चाकरी केली तिचें नांवहि कां काढीत नाहींत ?

प्रश्न दिसण्यांत विनोदी आहे. परंतु त्याच्या पोटीं नीतिविचारांतला एक जुना व अवघड प्रश्न दडलेला आहे. मनुष्य असो, संस्था असो वा यंत्र असो, त्याचा कोणता दोष पोटांत घालावा आणि कोणता घालूं नये, हा तो प्रश्न. त्याचा विचार करावयास मोटारीचें उदाहरण फार सोईचें आहे. कारण मोटारींत आपण केवळ पैसा गुंतवीत नाहीं, बायकामुलांचे प्राणहि गुंतवीत असतों.

जगांतील वाईट मोटारींची यादी करावयास कोणीहि बसला, तरी पूर्व जर्मनीच्या ट्राबांटचें नांव तींत आल्यावांचून राहत नाहीं. त्स्विकाउ येथील कारखान्यांत ही गाडी १९५७ पासून १९९१ पर्यंत तयार होत होती, आणि तेवढ्या काळांत तिचे ३० लाखांहून अधिक नग बाहेर पडले. पोलादाच्या टंचाईमुळें तिचें अंग कापसाच्या टाकाऊ तंतूंत राळ मिसळून दाबलेल्या एका कृत्रिम पदार्थाचें केलेलें असे. इंजिन दोन सिलिंडरांचें. पेट्रोलांत तेल मिसळून घालावें लागे, आणि म्हणून मागें निळसर धुराचा लोट निघे. बहुतेक गाड्यांना पेट्रोल किती उरलें हें दाखविणारा कांटाच नव्हता. बॉनेट उघडून टांकींत काठी बुडवून पाहावें लागे. अशी ही गाडी मिळण्यासाठीं नांव नोंदवून दहा-दहा वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक, थांबावें लागे. त्यामुळें वापरलेली गाडी नव्या गाडीहून महाग विकली जाई. आणि आज त्याच गाडीचे षोकीन मंडळें काढून तिचे मेळावे भरवितात !

आपल्याकडील अनुभव याहून फार निराळा नाहीं. मॉरिस ऑक्सफर्डच्या नमुन्यावर बेतलेली अँबॅसडर उत्तरपाड्याच्या कारखान्यांतून २०१४ पर्यंत निघत होती. वालचंद हिराचंद यांनीं स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत निघणाऱ्या फियाटचें पुढें पद्मिनी असें नामकरण झालें, व काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत होती. उन्हाळ्यांत बोरघाट किंवा खंबाटकी चढतांना बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग आणि रेडिएटर निवण्याची वाट पाहत पाण्याचा डबा घेऊन उभे असलेले गृहस्थ, हें दृश्य ज्यांनीं पाहिलें नाहीं असे पन्नाशी उलटलेले वाचक थोडेच असतील. सहकुटुंब प्रवासास निघतांना तो डबा, जादा फॅनबेल्ट व पान्ह्यांची पिशवी हीं शिदोरीच्या आधीं गाडींत चढत.

या गाड्यांविषयीं मनांत कडवटपणा उरला नाहीं, याचें कारण माझ्या मतें असें कीं, त्यांचे नित्याचे दोष उघडे होते. घाटांत पाणी उकळणार हें मालकाला ठाऊक होतें. त्यावरचा उपायहि ठाऊक होता. आणि स्वतःला जमला नाहीं तर रस्त्याच्या कडेचा कोणताहि मेकॅनिक तो करूं शके. बेभरवशाच्या वस्तूचाहि एका परीनें भरवसा असतो. ती केव्हां दगा देईल हें सांगतां येत नसलें, तरी कोठें देईल हें सांगतां येतें. म्हणून तिला दगा हा शब्द खरोखर लागूच पडत नाहीं. शिवाय तिचें दुबळेपण आपल्याकडून कांहीं तरी करवून घेतें. यंत्राचा आवाज ओळखावयास आपण शिकतों. धक्का मारावयास शेजारी येतो, त्याची ओळख होते. मुलांना वडील प्रथमच हात काळे करून काम करतांना दिसतात. निर्दोष गाडी आपल्याकडून कांहींच मागत नाहीं. म्हणून आपणहि तिला कृतज्ञतेपलीकडे कांहीं देत नाहीं, आणि पुष्कळदां तीहि देत नाहीं.

परंतु येथें एक आक्षेप निघतो, व तो बाजूला सारण्यासारखा नाहीं. हें सगळें प्रेम निरुपायाचें नव्हतें काय ? १९८९ च्या नोव्हेंबरांत बर्लिनची भिंत मोकळी झाली आणि पश्चिमेच्या गाड्या मिळूं लागल्या, तेव्हां कित्येकांनीं आपल्या ट्राबांटी रस्त्यांतच टाकून दिल्या. आपल्याकडेहि १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली, आणि थोड्याच वर्षांत लोकांची पसंती कोठें आहे हें दिसून आलें. वर्षेंच्या वर्षें तेंच यंत्र, त्याच खोडींसह, लोकांच्या गळ्यांत घालतां येत होतें याचें कारण लोकांना तें आवडत होतें हें नव्हे. दुसरें मिळत नव्हतें, हें होय. ज्याला निवड नाहीं त्याच्या सोशिकपणाला सद्‍गुण म्हणावें कीं सवय म्हणावी, हा प्रश्नच आहे. आणखी असें कीं, त्या गाड्यांत उघड्या खोडींच्या जोडीला अपघाताच्या वेळीं प्रवाशाला न वांचविणारी रचनाहि होती. ती कौतुकाच्या गोष्टींत कधीं येत नाहीं, कारण ती ज्यांना भोंवली ते गोष्टी सांगावयास उरले नाहींत. म्हणून गाडीवर माया खुशाल करावी. पण त्या मायेचें प्रशस्तिपत्र करून ती गाडी आपल्यावर लादणाऱ्यांच्या हातीं देऊं नये. दुबळ्याला क्षमा करणें वेगळें, आणि त्याला दुबळें ठेवण्यांत ज्यांचा फायदा होता त्यांना क्षमा करणें वेगळें.

आतां उलट टोकाचें उदाहरण घेऊं. १९७० च्या सप्टेंबरांत अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें पिंटो नांवाची एक लहान व स्वस्त गाडी विक्रीस काढली. ती घाटांत उकळण्याविषयीं प्रसिद्ध नव्हती. लाखों कुटुंबांनीं ती विश्वासानें घेतली. परंतु तिची पेट्रोलची टांकी मागच्या आंसाच्या मागें, बंपरच्या जवळ होती, आणि मागून जोराची धडक बसल्यास ती फुटून आग लागण्याचा धोका होता. कंपनीच्या स्वतःच्या चांचण्यांतच हें दिसून आलें होतें, असा पुरावा पुढें कॅलिफोर्नियांतील खटल्यांत मांडला गेला. १९७२ च्या एका अपघातांत भाजलेल्या मुलाच्या दाव्यांत ज्यूरीनें १९७८ सालीं १२ कोटी ५० लक्ष डॉलर दंडादाखल ठरविले. न्यायाधीशांनीं ते ३५ लक्षांवर आणले. त्याच वर्षीं कंपनीनें सुमारें १५ लक्ष गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलावल्या. इंडियाना राज्यांत चाललेल्या फौजदारी खटल्यांत मात्र १९८० सालीं ती निर्दोष सुटली, हेंहि सांगितलें पाहिजे.

या प्रकरणांत १९७३ सालचें एक टिपण फार गाजलें. मनुष्याच्या जिवाची किंमत २ लक्ष डॉलर धरून, दर गाडीमागें ११ डॉलर खर्चून १८० मृत्यू टाळण्यापेक्षां ते न टाळणेंच स्वस्त पडतें, असा हिशेब त्यांत होता. तें वाचून कोणाचाहि संताप होईल. तथापि न्यायानें बोलावयाचें तर तें टिपण पिंटोच्या टांकीविषयीं नव्हतें. गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीविषयीं व देशांतील सर्वच गाड्यांविषयीं होतें. तें सरकारी खात्यापुढें ठेवण्यासाठीं केलेलें होतें, आणि २ लक्षांचा आंकडाहि त्याच खात्यानें काढलेला होता. केवळ हिशेब केला एवढ्यावरून कोणाला राक्षस ठरवितां येत नाहीं. सर्वस्वीं निर्धोक गाडी जगांत होऊं शकत नाहीं. घाटाला कठडा कोठें बांधावा व कोठें नको हें ठरविणारा इंजिनिअर न बोलतां हाच हिशेब करीत असतो. आणि झिजलेले टायर आणखी एक पावसाळा चालवूं म्हणणारा कुटुंबवत्सल गृहस्थ दुसरें काय करतो?

मग पाप कोठें आहे ? मला वाटतें, तें हिशेबांत नाहीं. ज्याच्या जिवाचा हिशेब होतो त्याच्यापासून तो चोरून ठेवण्यांत आहे. झिजलेल्या टायरांचा गृहस्थ निदान त्याच गाडींत बसतो, व घरच्या माणसांना टायर पाहतां येतात. धोका ज्याचा त्याला कळला, तर तो पत्करणें वा नाकारणें त्याच्या हातीं राहतें. न कळला, तर त्याच्या वतीनें दुसराच कोणी तो पत्करतो आणि नफाहि तोच घेतो.

याचें अधिक स्पष्ट उदाहरण अमेरिकेंतच पुढें घडलें. जनरल मोटर्सच्या कांहीं गाड्यांत किल्लीचा स्विच इतका सैल होता कीं, खड्ड्याच्या धक्क्यानें किंवा किल्ल्यांच्या जुडग्याच्या भारानें तो चालत्या गाडींत मागें फिरे. इंजिन बंद पडे, आणि मग अपघात झाल्यास एअरबॅगहि उघडत नसे. २००६ सालीं हा भाग सुधारण्यांत आला; परंतु त्याचा क्रमांक बदलला नाहीं. जुना भाग व नवा भाग एकाच क्रमांकाचे, त्यामुळें पुढें चौकशी करणाऱ्यांना दोष कोठें होता तें दिसेना. गाड्या परत बोलावल्या गेल्या २०१४ सालीं, आणि कंपनीनें नेमलेल्या भरपाईच्या निधीनें १२४ मृत्यू मान्य केले. स्विच सैल करणें ही चूक होती. सुधारलेल्या भागाला जुनाच क्रमांक राहूं देणें हें तिच्यावर घातलेलें पांघरूण ठरलें. माणसें केवळ चुकीनें मेलीं नाहींत. या पांघरुणाखालीं जीं वर्षें गेलीं त्यांतहि मेलीं.

अशा प्रसंगीं कायद्याचें साहाय्य होतें. आपल्याकडे २०१९ च्या मोटार-वाहन दुरुस्ती कायद्यानें सदोष गाड्या परत बोलावण्यास भाग पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. पण कारखानदाराच्या दारीं पोंचणारा कायदा आपल्या ओसरीवर पोंचत नाहीं. आणि जुनी गाडी विकण्याचा व्यवहार बहुधा ओसरीवरच होतो. अमेरिकन बोलींत खोडीच्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं या लिंबांवरच एक निबंध लिहिला, आणि २००१ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें तें मुख्यतः त्याच विचाराबद्दल. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें : विकणाराला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाराला नसतात, म्हणून घेणारा प्रत्येकच गाडीचा भाव पाडून मागतो, त्या भावांत चांगली गाडी विकणें कोणाला परवडत नाहीं, आणि शेवटीं बाजारांत लिंबेंच उरतात. लपविलेल्या दोषाचा दंड असा प्रामाणिक माणसाला भरावा लागतो.

कारखानदारांवर रागावणें सोपें आहे. त्या रागाला कांहीं किंमत पडत नाहीं. परंतु ज्या गाडीच्या खोडी आपण बैठकींत रंगवून सांगतों, त्याच खोडी गिऱ्हाईक दारांत उभें असतां आपल्या तोंडून निघतात काय ? उतारावर लावल्याशिवाय ती चालू होत नाहीं, हें त्याला आपण सांगतों, कीं तो येण्यापूर्वीं ती चालू करून तापवून ठेवतों ? ब्रेक कधीं कधीं एका बाजूला ओढतो, हें वाक्य भाव ठरण्याच्या आधीं उच्चारतों, कीं नंतर, कीं कधींच नाहीं ? हें वाक्य उच्चारल्यानें चार पैसे कमी येतील, हा हिशेब आपणहि केलेला असतो. समोरच्या माणसाची मुलें उद्यां त्या गाडींत बसणार आहेत, हा आंकडा त्या हिशेबांत धरला होता कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें.

तेव्हां वाईट मोटार कोणती, या प्रश्नाचें उत्तर देतांना ती कितीदां बंद पडली हें मोजूं नये. बंद पडणारी गाडी मालकाला थांबविते. जिच्याविषयीं जाणणारा गप्प राहिला ती गाडी त्याला शेवटपर्यंत थांबूं देत नाहीं. दोष यंत्राला असतात, माणसालाहि असतात, आणि त्यांच्यासह संसार करतां येतो. तो करतां यावा म्हणून ते ज्याचे त्याला वेळेवर सांगितलेले असावे लागतात.