देणे आणि कर्तव्य



आपली मुले इंग्रजीत ‘ऑट’ हे क्रियापद शिकतात. ‘करायला पाहिजे’ असा त्याचा अर्थ आपण त्यांना सांगतो. पण हे मुळात भूतकाळाचे रूप आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘आगन’ म्हणजे जवळ असणे, मालकी असणे. त्याच्या भूतकाळी रूपाचे पुढे ‘ऑट’ झाले. ‘ओन’ म्हणजे स्वतःचे आणि ‘ओ’ म्हणजे देणे लागणे, ही त्याच घरची भावंडे. सन १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये मत्तयच्या १८ व्या अध्यायातील चाकर राजाचे देणे लागत होता, तेथे ‘ऑट’ हाच शब्द छापला होता. पुढे तेथे ‘ओड’ आला आणि ‘ऑट’कडे केवळ कर्तव्याचा अर्थ उरला.

आपल्या मराठीतही तसेच आहे. ‘मी त्याचे पैसे देणे लागतो’ आणि ‘मला जावे लागते’. देणे असो वा कर्तव्य, शब्द एकच.

प्रभू येशूचा दाखला हेच शिकवतो. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. चाकराचे देणे होते १०,००० तालांत, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी! राजाने ते सारे सोडले. त्याच्या सोबत्याचे देणे होते १०० दीनार. तीन महिन्यांहून अधिक दिवसांची ही मजुरी काही थोडी नव्हे. आपल्याला झालेली जखम क्षुल्लक आहे, असे प्रभू म्हणत नाही. आपल्याला किती सोडले गेले आहे, एवढीच तो आठवण देतो. जे आपण आपले म्हणतो, ते मिळालेले आहे. म्हणून आपण देणे लागतो. म्हणून क्षमा करावी लागते.

बांधावरून, वाटणीवरून, लग्नातल्या एका शब्दावरून आपण वर्षानुवर्षे अबोला धरतो. एकाच मिस्साला येतो, एकाच वेदीपुढे गुडघे टेकतो आणि बाहेर पडताना तोंड फिरवतो.

दाखल्याच्या शेवटी राजा चाकराला विचारतो, तूही दया करायला नको होती का? हा प्रश्न भूतकाळात आहे. चाकराची वेळ निघून गेली होती. आपली अजून गेलेली नाही. ‘करायला पाहिजे होती’ असे म्हणण्याची पाळी येण्यापूर्वी, या आठवड्यात आपण त्या एका दारी जाऊ या.

प्रभू आपल्याला तेवढे बळ देवो. आमेन.