बांधावरचं अंगण

नोव्हेंबरात विदर्भ-मराठवाड्यात कापूस वेचणीची घाई असते. सकाळी सातला बायका शेतात पोचतात. बांधावरच्या बाभळीला नाहीतर कडुनिंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधली जाते. झोळीत आठ-दहा महिन्यांचं मूल, आणि झोळीची दोरी त्याच्या सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हातात. शेजारी भाकरीचा डबा, पाण्याची बाटली, पाच रुपयांचा बिस्किटपुडा. वेचणी पुढे सरकते तशी आई झोळीपासून लांब लांब जाते. मूल रडलं की बहीण आधी झोका वाढवते, मग बिस्किट पाण्यात भिजवून भरवते, तेवढ्यानंही भागलं नाही तर आईला हाक मारते. आई येते, पदराआड घेऊन पाजते, पुन्हा तासाला लागते. वेचणीची मजुरी किलोवर असते. झोळीपाशी मारलेला प्रत्येक फेरा संध्याकाळच्या वजनात कमी भरतो.

'खेड्यात काय, पोरं मातीत आपसूक वाढतात', असं सहज बोललं जातं. बोलणाऱ्याच्या मनात त्यात कौतुकच असतं. मोकळी हवा, झाडं, गुरं, आजी-आजोबा, शेजारपाजार हे सगळं खरंही आहे. पण आपसूक असं काही नसतं. मूल वाढतं तेव्हा कुणाचा तरी दिवस त्यापायी गेलेला असतो. खेड्यात हा दिवस कुणाचा जातो आणि त्याचा हिशेब कुणी ठेवतं का, हा प्रश्न बालसंगोपनाच्या चर्चेत फार क्वचित येतो.

खेड्याजवळ मूल वाढवण्याचं शहाणपण नाही, असं मुळीच नाही. बाळंतिणीच्या खोलीत पहिले सव्वा-दीड महिने चालणारा कारभार पाहावा. तेल लावणारी बाई जमिनीवर पाय लांब करून बसते, बाळाला पायांवर पालथं घेते, पाठीवरून तेलाचा हात फिरवते, मग तांब्याने कोमट पाणी बेताबेताने सोडते. बाळाचं नाक-तोंड पाण्यापासून वाचवत, एका हाताने मान सावरत ती हे सगळं इतक्या सराईतपणे करते की बघणाऱ्याला ते सोपं वाटावं. अंघोळ झाली की ओव्याची धुरी, दुपट्यात घट्ट गुंडाळणं, आणि मग बाळाची गाढ झोप. सहाणेवर जायफळ, हळकुंड, मुरडशेंग यांचे किती वळसे द्यायचे, हे आजीच्या बोटांना ठाऊक असतं. आता डॉक्टर पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका म्हणतात आणि बऱ्याच घरांत ते ऐकलंही जातं. सहाण मागे पडली तरी बाळाला निरखणारे आजीचे डोळे कामाचेच राहतात. बाळ आज दूध ओढत नाही, रडणं नेहमीसारखं नाही, हे आधी तिच्याच लक्षात येतं.

या निरखण्याची ताकद किती मोठी असते, हे गडचिरोलीत सिद्ध झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचं शिक्षण दिलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं, गरज पडली तर औषध देणं, हे सगळं त्या शिकल्या. श्वास मोजण्यासाठी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची चौकट असं साधं साधन होतं. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या बाईलाही मणी सरकवून बाळाचा श्वास जलद चाललाय का, ते कळे. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं आणि पुढे आशाताईंच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात.

म्हणजे पहिल्या बेचाळीस दिवसांचा विचार आपल्या व्यवस्थेने केला आहे. तिसऱ्या वर्षापासून अंगणवाडी आहे, सहाव्यापासून शाळा आहे. मधल्या जवळजवळ तीन वर्षांत मात्र मूल रांगतं, धरून उभं राहतं, चालतं, धावतं, बोलायला लागतं, आणि नेमका याच काळात त्याच्याजवळ कुणी असण्याचा भरवसा नसतो.

हे असं का झालं, ते समजून घ्यायला अंगणवाडी या शब्दाच्या जन्माकडे जावं लागतं.

ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या साथीने १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. मुलांना मोकळीक, हाताने करून शिकणं, शिक्षा नाही, या माँटेसरी विचाराने त्या भारल्या होत्या. पण हा विचार तेव्हा शहरातल्या सुस्थितीतल्या घरांपुरता होता. १९४५ मध्ये ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या आणि त्यांच्यासोबत अनुताई वाघ. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली त्या वस्तीतली मुलं येईनात. तेव्हा बालवाडीच उठून वस्तीत गेली. घरापुढचं अंगण, झाडाची सावली, मिळेल ती जागा. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पानं. पोरांना तिथेच अंघोळ घालायची, नखं कापायची, गाणी म्हणायची. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी.

पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथे या दोघींना आणखी एक गोष्ट उमगली. मोठी मुलं शाळेत येत नाहीत, कारण काखेत धाकटं भावंड असतं, नाहीतर मागे गुरं असतात. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. बहिणीने धाकट्याला पाळणाघरात सोडायचं आणि पलीकडच्या वर्गात जाऊन बसायचं. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली, गुरं चरतील तिथेच शिकवणं. शाळेची वेळ, जागा आणि रीत त्यांनी मुलाच्या घरच्या कामाप्रमाणे बेतली.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. लसीकरण, वजन, पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, आयांना आरोग्याची माहिती अशा सेवा एका छपराखाली आल्या. आज महाराष्ट्रात लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. गावाला दुसरं काही मिळो न मिळो, अंगणवाडी मिळते, हे यश लहान नाही.

पण देशभर गेलं ते नाव आणि बालवाडी. विकासवाडीतलं पाळणाघर मागेच राहिलं. तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत येऊन बसतात, खिचडी-उसळ खातात आणि दुपारी घरी जातात. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी घरी न्यायचा आहार मिळतो. महिन्याला वजन होतं, लस टोचली जाते. जे वय झोळीत आणि काखेत जातं, त्याला अंगणवाडी पाकीट देते, जागा देत नाही. आणि ज्यांना जागा देते त्यांना दुपारीच घरी पाठवते, जेव्हा आई शेतातून यायला अजून तीन-चार तास असतात.

याचा परिणाम मुलाच्या अंगावर दिसतो. लहान मुलाचं पोट मुठीएवढं. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा, थोडंथोडं, मऊ करून, मागे लागून भरवावं लागतं. आई सकाळी सातला जाऊन संध्याकाळी पाचला येणार असेल, तर हे पाच-सहा घास-वेळा कोण सांभाळणार? कित्येक घरांत ज्वारी-तांदूळ आहे, डाळ आहे, आहाराचं पाकीटही फळीवर आहे. नसतो तो भरवणारा हात. आठ वर्षांच्या बहिणीला पेज शिजवता येत नाही, बिस्किटपुडा फोडता येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. हा खुजेपणा पहिल्या दोन वर्षांत बसतो आणि मग सहजी भरून निघत नाही. तो हटतच नाही असं मात्र नाही. महाराष्ट्राने २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केलं. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपणाचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, ते २०१२ मध्ये २३ टक्क्यांवर आलेलं आढळलं. राज्याने लक्ष दिलं की फरक पडतो, हे याच राज्याने दाखवून दिलं आहे.

आजी असते ना घरी, असं कुणी म्हणेल. असते, पण आजीचं वय पंचेचाळीस-पन्नास असतं आणि तीही खुरपायला जाते. कोरडवाहू गावात दोन माणसांच्या मजुरीत घर चालत नाही, तिसरा हात लागतो. मुलगा पुण्याला नाहीतर सुरतेला कामाला गेलेला असला तर आजी-सून दोघींनाही शेत सुटत नाही. बाप गावात असतो तिथेही त्याचं बाळाशी नातं बहुधा संध्याकाळचं. जत्रेत खांद्यावर घेऊन फिरणारा, रात्री ताप आला तर मोटारसायकलवर आईला मागे बसवून तालुक्याला नेणारा हा बाप मायेत उणा नाही. पण दुपारी बाराला मुलाला भरवणं आपल्या वाट्याचं काम आहे, असं त्याला कुणी शिकवलेलं नाही. हे शिकवण्याची वेळ कधीचीच येऊन ठेपली आहे.

शिवारही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. शेततळी गावोगावी झाली, त्यांनी फळबागा जगवल्या. पण त्यांच्या तळाला आणि उताराला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओला कागद इतका निसरडा की पडलेलं मूल सोडा, पोहणाऱ्या माणसालाही वर येता येत नाही. शेततळ्यात बुडून मुलं गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. त्यांत पुष्कळदा दोन भावंडं असतात, एक पाय घसरून पडलेलं आणि दुसरं त्याला ओढायला गेलेलं.

सगळ्यात कठीण जागा ऊसतोड मजुरांच्या कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, त्यामुळे खाडा झाला तर पैसे कापले जातात. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहांची सोय आहे, त्यामुळे काही जण मागे राहू शकतात. अंगावर पिणारं बाळ आणि त्याला सांभाळणारी बहीण मात्र फडावर येतात. पहाटेच्या थंडीत बाळ उसाच्या पाचटावर, चादरीत गुंडाळून ठेवलेलं असतं. तोडणी पुढे गेली की तेही उचलून पुढे ठेवायचं. ज्या गावच्या अंगणवाडीत त्याचं नाव आहे ते गाव दोनशे किलोमीटर मागे असतं.

कायद्याला हे सगळं अगदीच दिसलं नाही असं नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती की कामावर बायकांसोबत पाच किंवा अधिक लहान मुलं असतील तर त्यांतल्याच एका बाईला मुलं सांभाळायला नेमावं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. मूल सांभाळणं हे खडी फोडण्याइतकंच काम आहे, हे भारताच्या कायद्याने इतक्या स्पष्टपणे क्वचितच म्हटलं असेल. संघटित क्षेत्रातल्या बाईला २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. वेचणीला जाणाऱ्या बाईला मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात. त्यात सव्वीस आठवडे घरी बसता येत नाही.

इतरत्र वाटा सापडल्या आहेत. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी इथे जन स्वास्थ्य सहयोग ही डॉक्टरांची संस्था तीन वर्षांखालच्या मुलांसाठी फुलवारी चालवते. गावातल्याच बाया मुलं सांभाळतात, दिवसातून अनेकदा खाऊ घालतात, आणि आया निर्धास्त रानात जातात. कर्नाटकाने २०२३ मध्ये ग्रामपंचायतींच्या पातळीवर 'कूसिन मने', म्हणजे बाळाचं घर, ही योजना आणली. केंद्राच्या 'पाळणा' योजनेतही अंगणवाडीला जोडून दिवसाला साडेसात तास चालणाऱ्या पाळणाघराची कल्पना आहे. कोसबाडला जे सत्तर वर्षांपूर्वी उमगलं, ते फिरून आता सरकारी कागदावर येतं आहे.

ते कागदावरून गावात उतरायचं असेल तर दोन गोष्टी टाळता येणार नाहीत. एक म्हणजे वेळ. पाळणाघर कचेरीच्या घड्याळावर नव्हे, पेरणी, खुरपणी, वेचणीच्या घड्याळावर उघडायला हवं. वेचणीच्या दोन महिन्यांत ते सकाळी साडेसहाला उघडलं नाही तर त्याचा उपयोग नाही. आणि ऊसतोडीच्या हंगामात ते तळावर, कोपींच्या मध्ये असायला हवं.

दुसरी गोष्ट म्हणजे सांभाळणारीचा मोबदला. अंगणवाडी सेविकेला मिळतं त्याला आजही वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. तीच मुलांचं वजन करते, शिकवते, आहार वाटते, मोबाइलमध्ये नोंदी भरते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस रास्त मोबदल्यासाठी संपावर गेल्या. आता याच बाईवर पाळणाघराचीही जबाबदारी टाकून मानधनात थोडी भर घातली, तर ते पाळणाघर चालणार नाही. दहा तान्ह्या-रांगत्या मुलांना दोन बाया लागतात आणि त्या बायांना पगार लागतो.

कापसाच्या शेतात संध्याकाळी पाचच्या सुमारास काटा लागतो. एकेकीचं गाठोडं आकड्याला अडकवलं जातं, वहीत किलो लिहिले जातात. झोळी सोडून घडी केलेली असते. बाळ बहिणीच्या खांद्यावर मान टाकून झोपलेलं, आणि ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर त्याला बदलत आईचा नंबर येण्याची वाट बघत उभी. तिकडे गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिसरीच्या हजेरीपटावर, तिच्या नावापुढे त्या दिवशीही गैरहजेरीची खूण पडलेली असते.