कोण होतं?

आमच्या भागात त्याला 'दाबलं' म्हणतात. कुणी 'दडपलं' म्हणतं, कुणी 'छातीवर बसलं' म्हणतं. शब्द कुठलाही घ्या, त्याच्या पोटात एक करणारा लपलेला आहे. ठेच लागली म्हटल्यावर ती कुणी लावली असं कुणी विचारत नाही. पण रात्री दाबलं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. कोण होतं? या दोन शब्दांनी एक बाई माझ्या डोळ्यांदेखत गावात असून नसल्यासारखी झाली. म्हणून हे लिहायला घेतलं.

ज्याला कधी दाबलं नाही त्याला हे सांगून कळायचं नाही, तरी सांगतो. मला पहिल्यांदा दाबलं ते 1979 साली. दहावी होऊन दोन वर्षं झाली होती, आणि उसाला पाणी पाजायला मी मळ्यातल्या खोपीत झोपायला लागलो होतो. लाईट रात्री यायची. सलग चार रात्री दारं धरून अंगाचं पार चिपाड झालं होतं. पाचव्या दिवशी पहाटे येऊन उताणा पडलो, आणि जाग आली तर अंग माझं नव्हतंच. डोळे उघडे. वरचं आढं दिसतंय, खुंटीचा कंदील दिसतोय, बैल रवंथ करतोय तेही ऐकू येतंय. पण बोट हलत नाही. हाक मारायला गेलो तर जीभ टाळ्याला चिकटलेली. मग पायांकडून कुणीतरी वर सरकत आलं आणि छातीवर बसलं. धान्याचं पोतं टाकावं तसं वजन. आता श्वास बंद होणार आणि आपण मरणार, याची अगदी खात्री झाली. किती वेळ गेला सांगता येत नाही. बैलानं घुंगरू हलवलं, माझ्या पायाचा अंगठा हलला, आणि एकदम सगळं सुटलं. अंग घामानं भिजलं होतं.

स्वप्न म्हणावं तर तसं नव्हतं. वाईट स्वप्नातनं जागं झालं की हायसं वाटतं, चला, स्वप्न होतं. इथं जागेपणीच सगळं घडलेलं. खोपी तीच, कंदील तोच. मग छातीवरचं तेवढंच खोटं कसं मानायचं?

घरी येऊन सांगितलं तर आज्जीनं मला चुलीपुढं बसवलं आणि विचारायला लागली. "बाई हुती का बाप्या? लुगडं कसलं हुतं? पाय उलटं हुतं का?" मी म्हणालो, काळं होतं, तोंड नव्हतं. "आठव की जरा. हितलीच कोण हुती का?" वडील तिथंच दोरी वळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पोराला नाव इचारू नगा. इचारलं तर त्यो सांगंल."

त्या वेळी ते बोलणं मला कळलं नव्हतं. वडील काही नास्तिक नव्हते. पिंपळाखालच्या मुंजाला ते अमावस्येला दिवा लावायचे, मी पण लावतो. त्या रात्री त्यांनीच माझ्या उशाला विळा ठेवला आणि बजावलं, उताणं झोपायचं नाही, छातीवर हात ठेवायचा नाही, कुशीवर झोपायचं. विळ्याचं मला माहीत नाही. कुशीवर झोपण्याचं मात्र बरोबर निघालं.

कारण पुढं बऱ्याच वर्षांनी तालुक्याच्या एका डॉक्टरांनी मला हे नीट समजावून सांगितलं. झोपेत एक टप्पा असतो. त्यात मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभरा फिरतात, आणि ठसठशीत स्वप्नं त्यातच पडतात. 1953 साली शिकागोच्या विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी हा टप्पा जगापुढं मांडला. या वेळात मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो. नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरंच उठून पळाला असता. जणू मेंदूनं बैलाचं जू काढून ठेवलेलं असतं. कधी कधी काय होतं, मन जागं होतं, डोळे उघडतात, पण जू अजून चढलेलं नसतं. छातीचे स्नायूही सैल असतात, श्वास नुसत्या पोटाच्या पडद्यावर चाललेला असतो, म्हणून वजन ठेवल्यागत वाटतं. स्वप्न अर्धं शिल्लक असतं, ते उघड्या डोळ्यांपुढं, खऱ्याखुऱ्या खोलीत उतरतं. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत आपोआप सुटतं. त्यानं माणूस मरत नाही. ज्याची झोप मोडते, झोपायची वेळ रोज बदलते, ज्याच्या मनाला घोर असतो, जो उताणा झोपतो, त्याला हे जास्त होतं. कधीमधी झालं तर औषधाची गरज नाही. वरचेवर व्हायला लागलं, किंवा दिवसाही झोप आवरेनाशी झाली, तर मात्र डॉक्टर गाठावा.

डॉक्टरांचं ऐकताना मला पाणी पाजणारी सगळी माणसं डोळ्यांपुढं आली. अजूनही कित्येक भागात शेतीची लाईट आळीपाळीनं दिवसा आणि रात्री येते. आठ दिवस झोपेची एक वेळ, पुढचे आठ दिवस दुसरी. आमच्या शिवारात एवढी भुतं का, याचं निम्मं उत्तर मला त्या लाईटच्या वेळापत्रकात दिसतं.

आणि भुतं काही आमच्याच शिवारात नाहीत. नातीनं मला मोबाईलवर एक चित्र दाखवलं. फ्युझेली नावाच्या चित्रकारानं 1781 साली काढलेलं. एक बाई उताणी, हात खाली लोंबतोय, आणि तिच्या छातीवर एक बुटकं भेसूर ध्यान बसलेलं. मी म्हणालो, अगं हे आमच्या खोपीतलंच! जपानात ह्याला कानाशिबारी म्हणतात, म्हणजे लोखंडानं जखडल्यासारखं होणं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे कोळी म्हणायचे, म्हातारी हडळ छातीवर बसली. समुद्रापलीकडच्या माणसाला आमची हडळ कशी ठाऊक? ठाऊक नव्हतीच. अंग सगळीकडं सारखंच जखडतं, तोंड मात्र ज्याच्या त्याच्या गावातलं असतं.

आता त्या बाईचं सांगतो. नावं कुणाचीच सांगत नाही, माणसं अजून आहेत.

आमच्या भावकीतलं एक पोरगं, बाविशीतलं. कारखान्यात पाळीवर जायचं, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी, आणि घरी आलं की पाणी पाजायचं. त्याला दाबायला लागलं. आठवड्यातनं दोनदा, तीनदा. पोरगं वाळून कोळ झालं. अंथरुणाला पाठ लावायची म्हटलं की थरथरायचं. शहरातल्या त्याच्या मेहुण्याला त्यानं सांगितलं तर तो हसला. "मनाचे खेळ आहेत, काही नसतं." ज्याला मरण समोर दिसतंय त्याला 'काही नसतं' म्हणणं ही काही विज्ञानाची बाजू झाली नाही. मग पोराला देवऋषाकडं नेलं. तिथं निदान त्याचं कुणी ऐकून तरी घेतलं. मला तर वाटतं, देवऋषाचं निम्मं भांडवल शिकलेल्यांच्या हसण्यावर उभं आहे.

देवऋषानं नाव घेतलं नाही. ते कधीच घेत नाहीत. तो म्हणाला, "बाई हाय. जवळची हाय. बांधाला बांध लागून हाय. एकटी ऱ्हाती." उरलेलं घरच्यांनी जुळवलं. शेजारच्या रानात एक विधवा म्हातारी राहायची. दोन वर्षांपूर्वी बांध कोरण्यावरनं तिची ह्यांच्याशी भांडणं झाली होती. झालं.

कुणी तिला मारलं नाही. उघड शिवीसुद्धा दिली नाही. तिच्या एका म्हशीचं दूध चार घरी जायचं, ते एकेकानं बंद केलं. गिरणीत तिचा डबा सगळ्यांच्या मागं सरकायला लागला. ती आली की बाया लेकरांना पदराआड घ्यायच्या. बारशाला, पूजेला बोलावणं बंद. दगड मारला तर निदान कुणी मारला हे तरी दिसतं.

मी त्या पोराला बांधावर गाठलं. हसलो नाही. मलाही दाबलं होतं हे सांगितलं, सगळं सांगितलं. ते बघतच राहिलं. मग विचारलं, "पहिल्यांदा झालं तवा तोंड दिसलं हुतं का रं?" बराच वेळ गप्प बसून ते म्हणालं, "तवा न्हाय दिसलं, नाना. तिकडनं आल्यावर दिसाय लागलं."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्याला खरंच दिसायला लागलं होतं. तेव्हा मला वडिलांचं तीस वर्षांपूर्वीचं बोलणं उलगडलं. भोगलेलं सगळं खरं असतं. भीती खरी, घाम खरा, छातीवरचं वजनही खरं. पण सोसणारा माणूस साक्षीदार म्हणून भरवशाचा असतोच असं नाही. त्याच्यापुढं एक बिनतोंडाचं काहीतरी असतं, आणि भोवतालची माणसं भांडणातलं, वाटणीतलं, नावडतीतलं एखादं तोंड त्याच्या हातात देतात.

पोरगं हुशार होतं. म्हणालं, "पण नाना, हरिश्चंद्रानं सपान खरं मानलंच की." मी गप्प झालो. कीर्तनात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. राजानं स्वप्नात विश्वामित्राला राज्य दान दिलं आणि सकाळी उठून ते खरंच सोडलं. त्याला आपण सत्यवान म्हणतो. मग या पोराला काय म्हणायचं? चार दिवस मी खुरपताना, वैरण तोडताना हाच विचार करत होतो. पाचव्या दिवशी जाऊन त्याला सांगितलं, "हरिश्चंद्रानं स्वप्नातलं देणं सोताच्या अंगावर घेतलं. राज्य त्याचं गेलं, मसणात तो राबला. तू तुझ्या सपनाची वसुली त्या म्हातारीच्या दारात नेलीयास." त्याला ते पटल्यासारखं दिसलं.

घरी येऊन मोठ्या समाधानानं हे बायकोला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आणि तारामती? पोराला घिऊन ती इकली गेली, तिला कुठं सपान पडलं हुतं?" ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आजही नाही. आपल्या स्वप्नाचं ओझं आपल्यापुरतं उचलायचं म्हटलं तरी घरातल्यांच्या खांद्यावर ते येतंच. तरीपण शेजारणीच्या खांद्यावर जाणूनबुजून ठेवणं निराळं, एवढा फरक मी अजून धरून आहे.

म्हातारीकडंही गेलो. तिच्या ओसरीवर तेव्हा कुणीच बसत नव्हतं. चहा दिला, आणि आपण होऊनच बोलली. "मलाबी दाबतंय की रं. म्हातारा गेल्यापास्नं दाबतंय. मी कुणाचं नाव घिऊ?" तिच्या मनात आलं असतं तर तिच्याकडंही नाव होतं. बांध दोन्ही बाजूंनी कोरला जातो.

2013 साली आपल्या राज्यात कायदा झाला. त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले, त्याचा वटहुकूम त्यांच्या मागं निघाला, आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. अमकी व्यक्ती करणी करते, भूत लावते, असं म्हणून तिचं जगणं अवघड करणं हा त्यात गुन्हा आहे. मंत्रानं जनावराचं दूध आटवते असा आळ घेणंसुद्धा. हे वाचलं तेव्हा लिहिणाऱ्याला खेडं ठाऊक आहे असं वाटलं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. पण बंद झालेलं दूध आणि मागं सरकलेला डबा कुठल्या कलमात बसवायचा? तिथं कुणी काही म्हटलेलंच नसतं.

पोराची रातपाळी पुढं सुटली. मोटारीला आपोआप सुरू होणारी पेटी बसवली, रात्री उठणं कमी झालं, आणि दाबणंही हळूहळू थांबलं. घरचे म्हणाले, देवऋषाचा अंगारा लागू पडला. मी वाद घातला नाही. मला वाटलं होतं की आता म्हातारीचं दूध पुन्हा सुरू होईल. एका घरानं केलं, आमच्या. बाकीच्यांना आता पिशवीच्या दुधाची सवय झाली होती. तिनं म्हैस विकली.

2016 च्या पावसाळ्यात ती गेली. लेक उशिरा पोचली, खांदा द्यायला भावकीतले चौघं झाले, त्यात ते पोरगंही होतं. तोवर त्याला स्वतःची दोन लेकरं होती. तिसऱ्या दिवशी सावडायलाही आलं. सगळे राखेजवळ गेले, पाणी शिंपडलं, अस्थी वेचल्या. ते तेवढं लांबच थांबलं, लिंबाखाली, पायातलं न काढता. मी हाक मारली तर मान हलवून नको म्हणालं. त्याला लाज वाटत होती की अजून भीती, हे मी विचारलं नाही.