भट्टीपाशी कोण उभे असते?

धान पिवळे पडू लागले की आमच्या सूरजागडच्या बाजूची माणसे विळे घेऊन लोहाराच्या दारी बसतात. त्या घोळक्यात बसून भात्याचा खेळ पाहणे हा माझा दिवाळीआधीचा नेहमीचा विरंगुळा. यंदा लोहाराचा नातू भाता ओढता ओढता एकाएकी उठला आणि कुत्र्याच्या पिल्लामागे पळाला. बघता बघता निखारे काळवंडले. म्हातारा पुटपुटला, चार विळे उशिरा झाले, याहून अधिक काही बिघडले नाही. चांदा जिल्ह्याच्या रानांत पूर्वी ज्या मातीच्या भट्ट्यांत लोखंड गाळीत, त्यांचाही स्वभाव असाच होता. तोंड वर उघडे आणि वारा भात्याचा. माणूस निघून गेला की आगही मुकाट्याने निजायची.

वाफ अशी समजूतदार नाही. बंद भांड्याखाली जाळ ठेवून राखणारा निघून गेला, तर तिचा जोर कमी न होता वाढतच राहतो. दनी पापँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १६७९ साली लंडनच्या विद्वानांना हाडे शिजवण्याचे बंद भांडे दाखवले. पुढे त्यावर वजन टांगलेली झडप आली, आणि तिचीच नात आज आपल्या कुकरवर शिट्टी वाजवते. त्याच झाकणात आणखी एक लहानसे बूच असते. आतले पाणी आटले की ते वितळते आणि वाफेला वाट देते. आमच्या घरचे हे बूच एका वर्षात दोनदा गेले. नवे आणायचे म्हणजे तालुक्याला खेप घालायची. मी पडलो काटकसरी मास्तर. भांडी सांधणाऱ्याकडून त्या भोकात पितळेचा खिळा ठोकून घेतला आणि मोठी मसलत फत्ते केल्याच्या थाटात घरी आलो. सौभाग्यवतींनी झाकण उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, “तुम्ही त्या वेळी शाळेत असता. कुकरपाशी मी असते.”

मी दुसऱ्याच दिवशी बूच आणले. पण ते वाक्य माझ्या मनातून काही जाईना.

या बुचाचे कूळ फार जुने आहे. १८०३ साली ग्रिनिचला रिचर्ड ट्रेव्हिथिकचे एक इंजिन फुटले आणि चार माणसे दगावली. ज्या पोऱ्यावर त्याची राखण होती तो ते दुसऱ्यावर सोपवून वाम मासे धरायला गेला होता. इंजिन थांबवले गेले, पण वाफेला वाट मोकळी झाली नाही. पोराला शिव्या देऊन ट्रेव्हिथिकला मोकळे होता आले असते. त्याने तसे न करता बॉयलरला दुसरी झडप दिली आणि शिशाचे बूच बसवले. पोरे मासे धरायला जाणारच, हे त्याने जणू यंत्रातच लिहून ठेवले! आपल्याकडे १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे मेली, तेव्हा कुठे पुढल्या वर्षी बंगालात तपासणीचा कायदा झाला.

अणूच्या भट्टीतही प्रश्न तोच. तुर्भ्याची ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ रोजी चालू झाली. तिचे नाव पंडित नेहरूंनी ठेवले. ही प्रयोगाची भट्टी पाण्याच्या खोल हौदात बुडवलेली होती. अणू फुटताना उडणारे न्यूट्रॉन पाण्यामुळे मंदावतात आणि मंदावले म्हणजेच पुढचे अणू नीट फोडतात. पाणीच नाहीसे झाले तर साखळी तुटते. म्हणजे अप्सरा जातीने भात्याचीच! याउलट १९८६ साली चेर्नोबिलला जी भट्टी फुटली, तिच्यात पाण्याची वाफ झाली की साखळीचा जोर वाढत असे.

पण मला अधिक अस्वस्थ करते ती अमेरिकेतल्या आयडाहोची लहानशी भट्टी. लष्कराच्या प्रयोगाची, तीन मेगावॉटची. ३ जानेवारी १९६१च्या रात्री तीन तरुण शिपाई ती पुन्हा जोडत होते. मधला नियंत्रक दांडा हाताने दहा सेंटिमीटरच्या आसपास उचलायचा होता, तो पन्नासाच्या आसपास उचलला गेला. डोळ्याचे पाते लवण्याआधी सारे संपले. तिघेही गेले. मग लोकांत कुजबूज सुरू झाली. म्हणे त्याचे घरी भांडण होते, त्याने जीव द्यायलाच तो दांडा ओढला. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही. एकच दांडा एका माणसाने हाताने उपसला की प्रळय व्हावा, अशी भट्टी मुळात बांधली कोणी, हा प्रश्न त्या कुजबुजीत बुडून गेला. अभियंत्यांनी मात्र धडा घेतला. कोणताही एक दांडा पूर्ण बाहेर आला तरी भट्टी बंदच राहिली पाहिजे, असा दंडक पुढे पडला.

कोणी म्हणेल, यंत्रानेच सारे सांभाळले तर माणूस गाफील होईल. होईलही. परंतु चोवीस तास जागे राहण्याची अट सर्वांत कमी पगाराच्या माणसावर घालायची आणि तो डुलकला की त्याला गुन्हेगार ठरवायचे, याला मी शिस्त म्हणत नाही.

मात्र ‘आपोआप सुरक्षित’ या शब्दांवरही डोळे मिटून विसंबू नये. आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९च्या. जपानच्या फुकुशिमाची पहिली भट्टी त्याच अमेरिकी घराण्यातली. ११ मार्च २०११ला भूकंप झाला आणि तिथली साखळी नियमाप्रमाणे थांबली. पण विझलेल्या चुलीत राख धगधगते तशी उष्णता उरतेच. विजेच्या पंपावाचून ती काढून नेणारे एक शीतपात्र तिथे होते. त्याच्या नळ्यांवरील झडपांसाठी कोणीतरी पूर्वीच ठरवले होते की नियंत्रणाची वीज गेली तर नळी फुटली असे समजावे आणि झडपांनी मिटावे, म्हणजे किरणोत्सारी वाफ बाहेर जाणार नाही. विचार चांगलाच होता. समुद्र आत शिरला, वीज गेली, झडपांना मिटण्याचा इशारा गेला आणि भट्टी थंड करण्याचे काम जवळजवळ थांबले. दोन संकटांपैकी कोणते पत्करायचे, हे एका शांत दुपारी कागदावर ठरले होते. ठरवणाऱ्याला मी दुष्ट म्हणणार नाही. माझा पितळी खिळासुद्धा अशाच शांत दुपारी ठोकलेला होता. पण त्या कागदापाशी कुकरजवळ उभे राहणारे कोणी बसले होते का?

सूरजागडचे लोखंड आता ट्रकांत भरून जाते. कोनसरीला त्यासाठी कारखाना उभा आहे. माझा एक जुना विद्यार्थी बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेचा अर्ज भरून घ्यायला परवा आला होता. त्याची वही मी चाळली. पाण्याची पातळी फार उतरली तर घाईने थंड पाणी सोडू नये, आधी जाळ काढावा, असे त्याने सुवाच्य अक्षरात उतरवले होते. मी शाबासकी दिली. त्याने वही बंद केली आणि थोडे घुटमळून विचारले, “गुरुजी, आणि मी त्या वेळी जेवायला गेलो असलो तर?”

मी त्याला बसायला सांगितले. घरात फराळाचे तळण चालू होते. आम्ही दोघांनी मिळून त्याच्या वहीच्या मागच्या पानावर प्रश्नांची एक यादी लिहायला घेतली. त्याला शिकवणाऱ्यांना विचारायच्या प्रश्नांची.