माईक कुणाची अमानत?

माणसाला बोलण्याचा हक्क आहे, हे आता सगळेच मान्य करतात. घटनेत ते लिहिलेले आहे आणि सभा-संमेलनांतून ते ऐकायलाही मिळते. पण त्याचे ऐकून घेण्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये एक तिसरा माणूस उभा असतो. त्याच्या हातात माईक असतो. कुणाचा आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि कुणाचा दारातच थांबवायचा, हे तो ठरवतो. संपादक, रेडिओचा अधिकारी, संमेलनाचा आयोजक, जमातीचा सदर ही सगळी त्याचीच रूपे. या मधल्या माणसाचे नैतिक कर्तव्य काय, याचा विचार आम्हाला इथे करायचा आहे.

त्यासाठी आम्ही एक दूरचे उदाहरण घेतो, अमेरिकेतल्या कॉलेज रेडिओचे. दूरच्या उदाहरणाचा एक फायदा असतो. त्यात आपले हितसंबंध गुंतलेले नसतात, त्यामुळे न्याय-अन्याय जरा स्वच्छ दिसतो. मग घरी परतून तोच हिशेब आपल्यालाही लावून बघता येतो.

हिपहॉप या संगीताचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकातून आलेल्या कूल हर्क या तरुणाने आपल्या इमारतीतल्या सभागृहात पार्टीसाठी तबकड्या वाजवल्या, तो दिवस या संगीताचा वाढदिवस मानला जातो. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवायच्या, एकीवरचा ठेक्याचा तुकडा संपला की दुसरीवर तोच पुन्हा सुरू करायचा, आणि त्या लांबवलेल्या ठेक्यावर कुणीतरी यमकात बोलायचे. तबकड्या वाजवणारा तो डीजे आणि बोलणारा तो रॅपर. आपल्याकडे वरातीतला डीजे म्हणजे भिंतीसारखे रचलेले स्पीकर. तिथे डीजे म्हणजे हाताचे कसब. गरीब कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन मुलांनी हे कसब गल्लीतच कमावले. त्यांची गाणी वाजवायला व्यावसायिक रेडिओ मात्र बराच काळ नाखूश होता. वाजवलीच तर शनिवार-रविवारच्या रात्री.

आता कोलंबिया विद्यापीठाकडे वळू. हे नामवंत आणि श्रीमंत विद्यापीठ न्यूयॉर्कमध्येच एका उंचवट्यावर वसलेले आहे. त्याच्या खाली, मॉर्निंगसाइड पार्क नावाच्या बागेपलीकडे हार्लेम ही कृष्णवर्णीयांची प्रसिद्ध वस्ती. १९६८ साली विद्यापीठाने त्या सार्वजनिक बागेत व्यायामशाळा बांधायला घेतली. इमारतीचा बराचसा भाग विद्यार्थ्यांसाठी आणि थोडा हार्लेमच्या रहिवाशांसाठी, अशी योजना होती. विद्यार्थी वरच्या दाराने येणार आणि वस्तीतली माणसे खालच्या दाराने. जमीन सर्वांची, पण दारे दोन. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधाबरोबर या दोन दारांविरुद्धही विद्यार्थी पेटून उठले. त्यांनी एप्रिलमध्ये विद्यापीठाच्या इमारती ताब्यात घेतल्या आणि ती व्यायामशाळा अखेर झालीच नाही. डब्ल्यूकेसीआर या विद्यापीठाच्या रेडिओ केंद्राने त्या आंदोलनाचे वृत्त जागेवरून प्रसारित केले होते.

त्यानंतर २२ वर्षांनी, १९९० साली, याच केंद्रावर स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो या दोन तरुणांचा हिपहॉपचा कार्यक्रम सुरू झाला. वेळ गुरुवारच्या मध्यरात्रीनंतरची, एक ते पहाटे पाच. ज्या वेळी शहाणी माणसे झोपलेली असतात, ती वेळ. जाहिराती नाहीत, वरून हुकूम देणारी रेकॉर्ड कंपनी नाही. ज्यांच्याशी कुठल्याही कंपनीने अद्याप करार केलेला नाही अशी मुले तिथे यायची, माईकसमोर उभी राहून तिथल्या तिथे रॅप करायची. नाझ, बिगी, जे-झी, वू-टँग क्लॅन ही पुढे जगभर गाजलेली नावे जगाला माहीत होण्याआधी या कार्यक्रमात ऐकू आली. हार्लेमचाच बिग एल तिथे आला आणि १९९५ साली त्याने जे-झीच्या बरोबरीने जे रॅप केले त्याच्या कॅसेट अजून जपल्या जातात. १९९९ साली तो आपल्याच वस्तीत गोळीबारात मारला गेला. श्रोते रात्री जागून कार्यक्रम टेपवर उतरवून घेत आणि त्या कॅसेट हातोहात फिरत. १९९८ साली हा कार्यक्रम थांबला. त्याच वर्षी ‘द सोर्स’ या हिपहॉपच्या मासिकाने त्याला आजवरचा सर्वोत्तम हिपहॉप रेडिओ कार्यक्रम ठरवले.

यश सांगून झाले की गोष्ट संपली, असे वाटते. आमच्या मते खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. समजा, त्या मुलांपैकी एकही पुढे नावारूपाला आला नसता, तर त्या दोघांनी केले ते कमी मोलाचे ठरले असते का? आम्हाला तसे वाटत नाही. पुढे गाजणार म्हणून त्यांनी त्या मुलांना ऐकले नव्हते. कुणी मोजायच्या आधी त्यांनी ऐकले, यात त्या कामाचे मोल आहे. बाजार आधी मोजतो आणि मग ऐकतो. किती तबकड्या खपतील, किती जाहिराती मिळतील, हे पाहून तो दार उघडतो. न्यायाचा क्रम उलटा असतो. तो आधी ऐकून घेतो, किंमत नंतर ठरवतो. न्यायालयातसुद्धा फिर्याद ऐकण्याआधी निकाल देत नाहीत. मग माणसाच्या शब्दाच्या बाबतीत आपण उलटा क्रम का मान्य करतो?

यावर कुणी म्हणेल, की मग दर्जाचे काय? शेजारचा पोरगा आहे म्हणून कच्चे गाणे लोकांच्या माथी मारायचे का? आक्षेप रास्त आहे. याचे उत्तर न्यूयॉर्कजवळच्याच लाँग आयलंडवरील अ‍ॅडेल्फी विद्यापीठाच्या डब्ल्यूबीएयू या केंद्राने फार आधी दिले होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे बिल स्टेफनी, चक डी आणि हँक शॉकली हे तरुण शनिवारी रात्री रॅपचा कार्यक्रम करत. अडचण अशी की कार्यक्रम भरायला पुरेशा रॅपच्या तबकड्याच तेव्हा बाजारात नव्हत्या. मग त्यांनी आसपासच्या मुलांना बोलावून त्यांचे रॅप टेपवर घेतले आणि तेच लावले. त्यातली काही गाणी कच्ची असणारच. पण आपला आवाज रेडिओवरून ऐकल्याशिवाय त्यातले कच्चे कुठे आहे हे त्या मुलाला कळणार कसे? दर्जा ही दारात उभे राहून तपासायची वस्तू नव्हे, आत घेतल्यावर तो घडतो. याच कार्यक्रमाच्या प्रचारासाठी चक डीने केलेल्या एका टेपमधून पुढे ‘पब्लिक एनिमी’ हा गट उभा राहिला. १९८७ साली त्याचा पहिला अल्बम आला.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याला आपण माईक देतो तो वाईट बोलला तर? या गाण्यांत शिवीगाळ होती, बंदुकीची बढाई होती. स्त्रियांविषयी तर असे बोलले जाई की आपल्या लेकीबाळींसमोर ऐकवणार नाही. अमेरिकेच्या कायद्यात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत अशा भाषेला रेडिओवर काहीशी सूट आहे. पण कायद्याची सूट म्हणजे नैतिक सूट नव्हे. आणि प्रकरण शिव्यांवरच थांबले नाही. १९८९ साली पब्लिक एनिमीच्या प्रोफेसर ग्रिफने ‘वॉशिंग्टन टाइम्स’ या दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत जगातल्या बहुतेक दुष्टपणाचे खापर ज्यूंवर फोडले. गोऱ्यांच्या वर्णद्वेषाविरुद्ध उभ्या राहिलेल्या गटातला माणूस दुसऱ्या एका समाजाविषयी द्वेष बोलला. मोठा गदारोळ झाला आणि गटाला त्याला दूर करावे लागले. काही वर्षांनी तो परतलाही.

हा ग्रिफ ‘नेशन ऑफ इस्लाम’ या संघटनेशी जोडलेला होता. त्या संघटनेची शिकवण आपल्या परिचयाच्या इस्लामपेक्षा पुष्कळ वेगळी, तरीही नावातला शब्द पाहून आपल्यातल्या एखाद्याला वाटू शकते की हा आपल्या बाजूचा, याला सांभाळून घ्यावे. इथेच आपली परीक्षा आहे. एका समाजातल्या चार माणसांच्या कृत्यांवरून सगळ्या समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे म्हणजे काय, हे मुसलमानांना कुणी समजावून सांगायला नको. तो घाव आपण सोसतो. मग तोच घाव दुसऱ्यावर होताना आपण गप्प बसलो, तर आपली तक्रार न्यायाची उरत नाही, फक्त आपल्या पाळीची उरते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे ऐकलेच पाहिजे, पण अन्याय सोसला म्हणून त्याचे प्रत्येक बोलणे खरे होत नाही.

मग अशांना माईकच द्यायला नको होता का? आम्ही तसे म्हणणार नाही. दार बंद ठेवल्याने द्वेष संपत नाही, तो बंद दारामागे वाढतो. माईक देणाऱ्याचे काम माईक दिल्यावर संपते, हे मात्र आम्हाला मान्य नाही. ज्याने आवाज पुढे नेला त्यानेच त्या आवाजाला उत्तरही दिले पाहिजे. ज्यांच्याविषयी वाईट बोलले गेले, मग त्या स्त्रिया असोत की दुसऱ्या धर्माची माणसे, त्यांनाही त्याच माईकसमोर आणले पाहिजे. अमानत सांभाळणे म्हणजे ती कुलुपात ठेवणे नव्हे आणि रस्त्यावर टाकून देणेही नव्हे.

आता हा हिशेब घरी लावू. आपल्याकडे रेडिओ दीर्घकाळ सरकारच्या हातात होता. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ नभोवाणी खात्याचे मंत्री होते. विद्वान, शास्त्रीय संगीताचे भोक्ते. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते म्हणून त्यांनी आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार केली. हार्मोनियमवर तर १९४० पासूनच बंदी होती. परिणाम काय झाला? लोकांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला आणि अमीन सायानींच्या ‘बिनाका गीतमाला’ला घरोघरी जागा मिळाली. १९५७ साली आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी शास्त्रीय कलावंतांना मोठा आधार दिला, हेही खरे. पण लोकांच्या मालकीचा माईक लोकांना सुधारण्यासाठी आपल्याकडे सोपवला आहे, असा त्यांचा समज होता.

तो लोकांच्या मालकीचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ च्या निकालात स्पष्ट सांगितले. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे त्या निकालाचे सूत्र. पुढे शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही छोटी रेडिओ केंद्रे चालवण्याची परवानगी मिळाली. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झाले पाहिजेत, अशी अट २००६च्या धोरणात होती. अट कागदावर चांगली आहे. पण अटीतून वेळ भरतो, कान तयार होत नाहीत. कॉलेजच्या रेडिओवर प्राचार्यांचे भाषण आणि पाहुण्यांचे मार्गदर्शनच वाजत राहिले, तर कोलंबियाची ती दोन दारे आपणही बांधलीच.

कुणी म्हणेल, आता रेडिओची गरजच काय? मोबाईल प्रत्येकाच्या हातात आहे. कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, आयपॅडवर ‘आफत’ हे गाणे तयार केले आणि २०१४ साली यूट्यूबवरून ते सर्वत्र पोहोचले. २०१९ साली ‘गली बॉय’ सिनेमा आला तेव्हा मुंबईच्या गल्लीतला रॅप काय असतो, ते सगळ्या देशाला कळले. हे खरे आणि आनंदाचे आहे. पण आज माईक सगळ्यांच्या हाती आला, तरी यंत्र पुन्हा मोजूनच ऐकते. ज्याला हजारांनी पाहिले त्याला ते लाखांपुढे नेते आणि ज्याला दहा जणांनी पाहिले त्याला अकरावा माणूस मिळत नाही. तो अकरावा माणूस होणे, आणि बारावा हाताला धरून आणणे, हे काम आजही माणसानेच करायचे आहे.

आमची तक्रार असते की मराठी मुसलमानांविषयी पुष्कळ बोलले जाते, पण त्यांचे ऐकले जात नाही. तक्रार खोटी नाही. पण आपल्याही हातात छोटे-मोठे माईक आहेत. अंजुमनचे व्यासपीठ आहे, शाळेचे स्नेहसंमेलन आहे, मोहल्ल्याची सभा आहे. तिथे दखनीत यमके जुळवणाऱ्या गॅरेजमधल्या पोराला कधी जागा मिळते? तलाकचा घाव सोसलेली बाई आपल्या शब्दांत बोलू लागली, तर आपण तिचे शेवटपर्यंत ऐकतो, की समाजाची बदनामी होते म्हणून मधेच थांबवतो? तेव्हा आपणही खालचे दार दाखवणारेच असतो. दुसऱ्याच्या माईकवर हक्क सांगायचा असेल, तर आपल्या हातातला आधी पुढे करावा लागेल, आणि समोरचा जे बोलेल ते पुरते ऐकून घेऊन मगच उत्तर द्यावे लागेल.