निर्वंशांची नावे

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून निघणाऱ्या कोपर्निकस मार्गावरून जाताना मला हल्ली एक प्राणी आठवतो : पॅरासुकस हिस्लोपी. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ रिचर्ड लिडेकर यांनी १८८५ साली त्याला हे नाव दिले. अवशेष मलेरीचे, चंद्रपूरच्या दक्षिणेला, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातले. त्यांत ऱ्हिंकोसॉर या वेगळ्याच गटाचीही हाडे मिसळली होती, हे पुढे लक्षात आले.

पॅरासुकस म्हणजे ‘मगरीजवळचा’. लांब निमुळता जबडा, पाठीवर हाडांचे कवच, पाण्याकाठची शिकार. मगरच म्हणावी! पण मगरीच्या नाकपुड्या जबड्याच्या टोकाला असतात, याच्या डोळ्यांजवळ होत्या. सारखेपणा रक्ताचा नव्हे, राहणीचा. मगरीच्या कुळाशी याचे नाते नेमके किती जवळचे, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. शिवाय हा आकार आधी याच्या गटाने घेतला. आजच्या मगरी फार नंतरच्या. तरी आपण म्हणतो, हा मगरीसारखा. मगर याच्यासारखी, असे कोणी म्हणत नाही.

या गटाचे नाव तर आणखी चुकीचे : फायटोसॉर, ‘वनस्पती-सरडा’. दातांच्या खोबणीत साचून दगड झालेला गाळ १८२८ साली शाकाहारी दात समजला गेला. चूक कळली, नाव राहिले.

कोणी म्हणेल, नाव ही निव्वळ खूण. मेलेल्या प्राण्यावर कसला अन्याय? खरे आहे, त्याचे काही बिघडत नाही. बिघडते आपली नजर. मागे उरले त्यांच्या मापाने आपण गेलेल्यांना मोजतो. फायटोसॉर सुमारे तीन कोटी वर्षे नांदले. आपल्या जातीला जेमतेम तीन लाख झाली. तरी त्यांना आपण ‘फसलेली शाखा’ म्हणतो, कारण त्यांना वारस नाही.

मराठीत ‘निर्वंश होवो’ ही शिवी आहे. माझ्या आत्याला मूल नव्हते. तिने चाळीस वर्षे शाळेत शिकवले, विहीर बांधली, भावंडांना वाढवले. पण गावात तिची ओळख कायम कुणाची तरी बहीण, कुणाची तरी आत्या अशी. ती गेल्यावर एकजण हळहळला, “मागे काहीच उरले नाही.” मीही तेव्हा मान डोलावली.

कोपर्निकसने पृथ्वीला मध्यावरून हलवले. उरलेल्यांना मध्यावरून हलवणे अजून बाकी आहे. एखादे आयुष्य पुढे कशाला उपयोगी पडले, हा प्रश्न रास्त आहे. मात्र तो दुसरा प्रश्न. पहिला असा : ते जगले कसे?